हात लावायचा नाही

९ फेब्रुवारी

शास्त्रीबुवा,

हे पत्र खाली बसून वाच. उभ्याने वाचलंस तर उभ्याउभ्याच नाही म्हणशील.

तारीख मिळाली. तीन वर्षं यादीत नाव होतं, आता ऑगस्टचा दुसरा आठवडा दिला आहे. सामुद्रधुनी, या काठापासून त्या काठापर्यंत, चौतीस किलोमीटर. पाणी सोळा अंश. अंगावर साधा पोहण्याचा पोशाख, एक टोपी, एक चष्मा आणि काखेत-मानेला ग्रीस. बाजूने एक बोट चालते. तिच्यात बोटवाले, संघटनेचे एक निरीक्षक आणि माझा म्हणून एक माणूस. दर अर्ध्या तासाने, शेवटी शेवटी दर वीस मिनिटांनी, त्या माणसाने दोरीला बांधलेली बाटली पाण्यात टाकायची, मी जागच्या जागी तरंगत प्यायची आणि सोडून द्यायची. मी बोटीला हात लावला किंवा बोटीतल्या कुणी मला लावला की संपलं. नख लागलं तरी संपलं.

अर्जात एक चौकट आहे: पोहणाऱ्याला बाहेर काढायचं की नाही हे ठरवणारी व्यक्ती. निरीक्षक नोंदी ठेवतात, सल्ला देतात. हात लावायचा तो त्या व्यक्तीने.

ह्यांचं नाव घालता येत नाही. परवा मी सराव म्हणून टबात बर्फ टाकून बसले होते. वीस मिनिटं बसायचं होतं, हे दहाव्या मिनिटाला टॉवेल घेऊन दारात. 'ओठ निळे झालेत गं,' म्हणाले. ओठ निळे होण्यासाठीच बसले होते.

मला तू हवा आहेस. ही तारीख हुकली तर पुढची मिळेपर्यंत मी बावन्न-त्रेपन्न वर्षांची होईन. तेव्हा मी कामावर दुसऱ्यांच्या कवळ्या करत असेन की स्वतःची, कोण जाणे.

पाणकोंबडी


१६ फेब्रुवारी

चिरंजीव पाणकोंबडीस, कोरड्या जागेवरून आशीर्वाद.

पत्र बसूनच वाचलं. हल्ली शाळेने मला बसायचंच काम दिलं आहे. संस्कृतच्या वर्गात सात मुलं उरली होती, त्यातली दोन चुकून आली होती. तो वर्ग बंद झाल्यापासून मी ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारतो. सव्वीस वर्षांच्या अध्यापनाचं हे फलित. शिक्का सरळ उमटतो, एवढं माझ्या बाजूने सांगता येईल.

आता तुझ्या प्रस्तावाबद्दल. मला पोहता येत नाही. मला बोट लागते. बस लागते. एकदा बागेतला झोपाळाही लागला होता, तुला आठवत असेल, कारण तू टाळ्या वाजवत होतीस. आणि मेहुणेरावांना डावलून तू मला नेमतेस! तो गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या माणसांना बाहेर काढणं हाच त्याचा धर्म. त्याने दहाव्या मिनिटाला टॉवेल आणला यात त्याचा काय दोष? त्याच्या हिशेबाने तू आठ मिनिटं आधीच अडकली होतीस.

एवढ्या थंड पाण्यात का जायचं, हे विचारत नाही. सातव्या वर्षापासून जे उत्तर देत आली नाहीस ते आता काय देणार. पण मीच का, एवढं सांग. फोन करू नकोस, फोनवर तू विषय बदलतेस. आणि खोटं लिहू नकोस. खोटं लिहिताना तुझं अक्षर मोठं येतं.

मामेभाऊ


२४ फेब्रुवारी

शास्त्रीबुवा,

बारीक अक्षरात लिहिते, बघून घे.

वहिनीच्या वेळी मी त्या खोलीच्या दारात उभी होते. डॉक्टरांनी तुझ्यापुढे कागद ठेवला, तिचं श्वासाचं यंत्र काढायचं की नाही त्याचा. आत सगळे रडत होते. तू चष्मा पुसलास. कागद शेवटपर्यंत वाचलास. सही केलीस, पेनला टोपण लावलंस, डॉक्टरांना परत दिलंस आणि 'थँक्यू' म्हणालास. तेव्हापासून दोन वर्षं सगळे नातेवाईक म्हणतात, हा माणूस म्हणजे दगड. मी त्यांच्यात नाही. पण तुझा हात हलला नव्हता, ते मी पाहिलं आहे.

मला बोटीत रडणारं माणूस नको. मला पाहून ज्याला काही होणार नाही असं माणूस हवं.

का पोहते हे तू विचारलं नाहीस म्हणून सांगते. चौथ्या तासानंतर पाण्यात काही वाटेनासं होतं. हात आपले राहत नाहीत, पाय तर आधीच गेलेले असतात. कुणाची बायको नाही, कुणाची आई नाही, कुणाचे दात नाहीत. नुसतं चालू असतं. ते मला आवडतं. तुला कळेल असं वाटलं.

पाणकोंबडी


३ मार्च

पाणकोंबडीस,

टोपण लावल्याचं मला आठवत नाही. पण लावलं असणार. उघडं पेन वाळतं.

काही न वाटण्यासाठी तुला चार तास आणि अख्खा समुद्र लागतो. मला ते कोरड्या जमिनीवर, शिक्के मारता मारता जमतं. तेव्हा तुझी निवड शास्त्रशुद्ध आहे असं मानतो आणि होकार देतो. ओकारीच्या गोळ्या तू आणायच्या.

तू पाठवलेली सूचनांची पुस्तिका दोनदा वाचली. तिच्यात लिहिलं आहे की अंगातली ऊब फार उतरली तर आधी बुद्धी जाते आणि पोहणाऱ्याला स्वतःला ते कळत नाही. म्हणून दर वेळी त्याला सोपे प्रश्न विचारावेत: आज वार कोणता, नाव काय, घरी कोण असतं. हे प्रश्न आपल्या घराण्याला शोभत नाहीत. वार तर तुला उन्हात बसूनही सांगता येत नाही.

माझी सूचना अशी. दर बाटलीला मी एक शब्द देईन, तू तो चालवायचा. फक्त एकवचन, आठ रूपं, अर्ध्या मिनिटाचं काम. सुट्टीत आजोबांनी आपल्याला ओसरीवर बसवून घोकून घेतले, तेच शब्द. सगळे म्हटल्याशिवाय तळ्यावर सोडायचे नाहीत. तू माझ्याआधी सुटायचीस आणि मी 'पितृ'पाशी अडकून तुझ्या पाण्यातल्या किंकाळ्या ऐकत बसायचो. मी संस्कृतचा शिक्षक झालो तो असा, तळ्यावर न पोचल्यामुळे.

आठही रूपं बरोबर आली तर तुझं डोकं ठिकाणावर आहे. चुकलीस की काढलं. याहून निर्मळ परीक्षा कुठल्या वैद्याला सुचणार नाही.

मामेभाऊ


११ मार्च

शास्त्रीबुवा,

मंजूर. पण लिहून दे. रूपं बरोबर येत असतील तोवर हात लावणार नाहीस. निरीक्षकांनी मान हलवली तरी, मी कशीही दिसले तरी. ह्यांना मी सांगितलंय की तुम्ही अलीकडच्या काठावर थांबायचं आणि फोन हातात घेऊन काळजी करायची. ते म्हणाले, 'काळजी करायला काठ कशाला, ती घरूनही होते.' तरी येणार आहेत.

पाणकोंबडी


१५ मार्च

लिहून देतो. रूपं बरोबर, तोवर हात लावणार नाही.

(सही) मामेभाऊ


२१ ऑगस्ट

पाणकोंबडीस,

मेहुणेरावांनी कळवलं की काल तुला दवाखान्यातून घरी सोडलं. बरं वाटलं, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुला आठवत नसेल तर जे झालं ते असं. तेरा ऑगस्ट, सकाळी साडेपाचला तू पाण्यात उतरलीस. दहा तास पन्नास मिनिटांनी मी तुला हात लावला. पलीकडचा काठ एक किलोमीटर सातशे मीटरवर होता. दिसत होता. तिथे एक पांढरी इमारत होती, तिच्या खिडक्या मोजता येत होत्या. बोटवाल्यांनी आणि निरीक्षकांनी तुला वर घेतलं. पुढचं दवाखान्याच्या कागदात आहे.

विश्रांती घे.

मामेभाऊ


२ सप्टेंबर

शास्त्रीबुवा,

अक्षर ह्यांचं आहे, शब्द माझे. मला पेन धरता येत नाही. बोटं जागेवर आहेत, नुसती पत्ता लागू देत नाहीत.

मी निरीक्षकांची नोंदवही मागवून घेतली. हे मोठ्याने वाचत होते, मी ऐकत होते. दहा तास दहा मिनिटं: पोहणारीने सर्व उत्तरं बरोबर दिली. दहा तास तीस मिनिटं: सर्व उत्तरं बरोबर. दहा तास पन्नास मिनिटं: उत्तरं बरोबर, आणि पुढच्याच ओळीत, सहायकाने स्पर्श केला, प्रयत्न समाप्त.

बरोबर, असं लिहिलंय. तू लिहून दिलं होतंस.

एक किलोमीटर सातशे. रस्त्याने गेलं तर आमच्या घरापासून मंडईपर्यंत. तीन वर्षं मी टबात बसले, सुट्टीच्या दिवशी सहा-सहा तास गार पाण्यात काढले, आणि तू, ज्याचा हात हलत नाही म्हणून मी तुला नेलं, तुझा तिथेच हलायचा होता? ह्यांनी केलं असतं तर मी समजले असते. ह्यांच्याकडून अपेक्षाच नव्हती.

(शास्त्रीजी, ती सांगते तसं लिहितोय. शेवटचं वाक्य गाळू का विचारलं तर म्हणाली, ठळक काढा. तुमचा, मेहुणा)

तू घाबरलास का? एवढंच सांग.

पाणकोंबडी


१० सप्टेंबर

पाणकोंबडीस,

नोंदवही मीही पाहिली आहे. निरीक्षकांचं अक्षर सुरेख आहे. आमच्या शाळेत असते तर शिक्क्यांच्या कामासाठी मला स्पर्धा झाली असती.

होय, घाबरलो असं समज. वारा होता, बोट हलत होती, सकाळपासून पोटात काही टिकलं नव्हतं. माणसाचा हात कधी कशाने हलेल सांगता येत नाही. तुझा राग योग्य आहे, तो तसाच ठेव, मी तो कमी करून मागणार नाही.

मेहुणेरावांना सांग, अक्षर ठळक आलं आहे.

मामेभाऊ


२५ सप्टेंबर

शास्त्रीबुवा,

हे माझं अक्षर. मुंग्यांची रांग पावसात सापडल्यासारखं दिसेल, वाचून घे.

कामावर जायला लागले. कवळी तयार झाली की शेवटी तिच्या कडेवरून अंगठा फिरवायचा असतो. डोळ्यांना दिसत नाही इतकी खरखर अंगठ्याला लागते, आणि ती राहिली तर म्हातारीच्या हिरडीला जखम होते. बावीस वर्षं मी डोळे मिटून फिरवलाय. परवा फिरवला तर काहीच नाही. कवळी आहे की हवा आहे. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना म्हटलं, 'जरा तुम्ही बघता का?' त्यांनी बघितलं, दोन ठिकाणी खरखर होती. आता माझ्या सगळ्या कवळ्या त्या तपासतात आणि मी त्यांचं प्लॅस्टर कालवून देते. डॉक्टर म्हणतात, पाण्यात जास्त वेळ झाला. येईल म्हणतात परत, सहा महिने, वर्ष. किंवा थोडं येईल.

मला याचं वाईटही वाटत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. नुसतं चालू आहे.

पण काल निरीक्षकांना फोन केला. म्हटलं, माझा भाऊ घाबरला होता का हो? ते हसले. म्हणाले, 'बाई, तुमचे भाऊ? मी तीन वेळा म्हटलं बाहेर घ्या, तिन्ही वेळा बोटाने गप्प बसवलं त्यांनी मला. शेवटच्या बाटलीला तुम्ही काहीतरी बोललात, वाऱ्यात मला ऐकू आलं नाही. आणि हे गृहस्थ चष्म्यासकट पाण्यात.'

तू पाण्यात उडी मारलीस? तुला बादलीची भीती वाटते!

मी काय बोलले? या वेळी विनोद नको.

पाणकोंबडी


४ ऑक्टोबर

पाणकोंबडीस,

विनोद नाही.

उडी म्हणता येणार नाही. तुला हात लावायला वाकलो आणि गेलो. मला पोहता येत नाही हे पाण्यात गेल्यावर आठवलं. अंगात फुगीर जॅकेट होतं म्हणून हे पत्र येतं आहे. बोटवाले नंतर म्हणाले, एकीला काढायचं ठरलं होतं, दोघं निघाले.

नोंदवहीत रूपांची नोंद आहे, हातांचीही आहे. मेहुण्यांनी ते आकडे बहुधा तुला वाचून दाखवले नाहीत. सकाळी तू मिनिटाला अठ्ठावन्न हात मारत होतीस. नऊ तासांनी बावन्न. दहा तास दहा मिनिटांनी चव्वेचाळीस. तेव्हा निरीक्षक पहिल्यांदा म्हणाले, 'बाहेर घ्या.' मी म्हटलं, थांबा. 'पितृ' दिला. तू आठही रूपं म्हटलीस. जीभ जराशी जड होती, ते मी थकव्याच्या खात्यावर टाकलं. निरीक्षकांना सांगितलं, बरोबर आहे, चालू द्या. दहा-तीसला एकोणचाळीस हात. ते पुन्हा म्हणाले. मी 'वधू' दिला. बिनचूक. मला, खरं सांगू, अभिमान वाटला. बोटीच्या कडेला धरून मी हसलो. दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं ते हे.

दहा-पन्नासला ते तिसऱ्यांदा म्हणाले. मी 'राजन्' दिला. तो अवघड. एकही रूप चुकलं नाही. मग तू बाटली न घेता वर बघितलंस, सरळ माझ्याकडे, आणि म्हणालीस, 'आजोबा, झालं सगळं. आता तळ्यावर जाऊ?'

डोळे स्वच्छ होते. उत्तराची वाट बघत होतीस.

सव्वीस वर्षं मी मुलांकडून हे शब्द पाठ करून घेतले. तापाने फणफणलेली पोरं हे म्हणतात. झोपेत म्हणतात. माझ्या वर्गात एक मुलगा बाकावर डोकं टेकून घोरत म्हणायचा, मी त्याला कौतुकाने शेजारच्या शिक्षकांना दाखवलं होतं. घोकलेलं सगळ्यात शेवटी जातं, माणूस गेल्यावर जातं, हे मला माहीत नसेल तर कुणाला माहीत असायचं? आणि मी ती परीक्षा म्हणून लावली. पुस्तिकेत लिहिलं होतं: घरी कोण असतं ते विचारा. विचारलं असतं तर दहा-दहालाच कळलं असतं, तू घरात नाहीस.

तेव्हा तुझा आरोप चुकला आहे. तुला वाटतं मी एक किलोमीटर सातशे मीटर आधी काढलं. मी चाळीस मिनिटं उशिरा काढलं. तुझा अंगठा त्या चाळीस मिनिटांत गेला. घाबरलो म्हणून लिहिलं ते खोटं. घाबरलो असतो तर तुझं बरं झालं असतं. माझा हात हलला नाही, तू म्हणाली होतीस तसाच.

आणखी एक, आणि मग पुरे. त्या कागदावर सही केली तेव्हा ती लवकर होती की उशिरा, हे मला आजवर कळलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, योग्य. नातेवाईक पाठीमागे बोलले, तोंडावर चहा दिला. तोंडावर कुणी काही सांगितलं नाही. तू निदान भांडतेस.

मामेभाऊ


९ नोव्हेंबर

शास्त्रीबुवा,

महिनाभर पत्र पडून होतं. वाचलं नव्हतं असं नाही. रोज वाचत होते.

मला त्यातलं काही आठवत नाही. पांढरी इमारत नाही, 'राजन्' नाही, आजोबा नाहीत. दुसऱ्या कुणाबद्दल वाचल्यासारखं वाचलं. ह्यांनी एकदाच वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, 'ते आकडे मी मुद्दाम गाळले होते. शास्त्रीजींना म्हणावं, मी सगळं वाचलं होतं.' पहिल्या दिवसापासून माहीत होतं त्यांना. ना तुला बोलले, ना मला. लिफ्टवाल्यांना दोन मजल्यांच्या मधे लोंबकळत राहायची सवय असते बहुतेक.

वहिनीचं मला सांगता येणार नाही. मी दारात होते, आत नव्हते. तिथे लवकर झालं की उशीर, ते सांगू शकेल असं माणूस उरलेलं नाही, आणि माझ्याकडून खोटं ऐकायचं असेल तर मोठ्या अक्षरात लिहून पाठवते.

पण माझं मी सांगू शकते. उशीर केलास. चाळीस मिनिटं उशीर. निरीक्षकांनी सांगितलं तेव्हाच काढायला हवं होतंस. तुझं चुकलं. त्या बोटीत तुझ्याशिवाय दुसरा शहाणा माणूस होता, त्याला तू गप्प बसवलंस, कारण तुला माझी रूपं ऐकायला गोड लागत होती. हे मी तोंडावर सांगते आहे, चहा न देता.

लिहिताना मला वाटलं होतं, आता संताप येईल. अजून आलेला नाही. येईल असं वाटतं, कारण 'तुझं चुकलं' लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं. मागच्या बाजूला बघ.

रविवारी हे कामावर आहेत, एका इमारतीची लिफ्ट बदलायची आहे. मी घरी एकटी. दुपारच्या गाडीने ये. बस लागते तर ट्रेनने ये, ट्रेन लागत असेल तर चालत ये. पत्रातून मला नीट भांडता येत नाही. मधे आठ-आठ दिवस जातात आणि तेवढ्यात तू काहीतरी विनोद करतोस.

पाणकोंबडी